भोसरीचं हायकोर्ट

सोल्डरिंगचं काम चालतं अशा कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस असतोच. पगारपत्रकात तो सुपरवायझर असतो, पण मनातून निवाडा करायला बसलेला असतो. मालक ऑर्डरी आणतो, मॅनेजर फोनवर 'माल निघाला' म्हणून सांगतो, बायका बोर्ड भरतात, आणि हा माणूस यातलं काहीच नियमात बसत नाही असं प्रत्येकाला सांगत हिंडतो. आमच्या भोसरीच्या शेडमध्ये हे खातं अण्णांकडे होतं. तोंडावर सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि पाठ वळली की 'हायकोर्ट'. जिन्यावर पावलं वाजली की "हायकोर्ट आलं गं" अशी कुजबुज पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत सरकत जाई आणि काढून ठेवलेले रिस्ट बँड पुन्हा मनगटांवर चढत.

निळा अँटिस्टॅटिक कोट, वरच्या खिशात टेस्टर आणि भिंग, खालच्या खिशात घडी घातलेलं एखादं परिपत्रक. टेबलावर पुस्तकं दोनच. एक १९४८चा कारखाने अधिनियम, दुसरं डिप्लोमाच्या वेळचं फिजिक्स. दोघांनाही एकसारखं खाकी कव्हर. बाहेरून कुठलं कोणतं ते कळत नसे आणि अण्णांना आतूनही ती दोन्ही एकच वाटत असावीत. "कलम चौदा काय म्हणतं? धूर उगमापाशीच ओढून घ्या. आणि गरम हवा काय म्हणते? मी वर जाणार. मग एक्झॉस्ट खाली कुणी लावला?" इतक्या सहज ते एका पुस्तकातून दुसऱ्यात जात.

कायद्याचा गोषवारा कामगारांना समजेल अशा भाषेत भिंतीवर लावावा लागे. तो आमच्याकडे होताच. त्याच्या शेजारी अण्णांनी स्वतःच्या अक्षरात दुसरा कागद चिकटवला होता. त्यावर ओहमचा नियम, किर्चहॉफचे दोन, आणि शेवटी लाल शाईत मर्फीचा. (मर्फीला तिथे जागा रीतसर मिळाली होती. हा मर्फी अमेरिकन हवाई दलाचा इंजिनिअर. १९४९ साली त्याच्या चाचणीतली मोजमापाची उपकरणं कुणीतरी उलटी जोडली आणि त्यातून त्याचा नियम जन्मला, असं सांगतात. म्हणजे मूळ प्रश्न वायरिंगचाच!) एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी तो कागद चष्म्याखालून वाचला आणि विचारलं, "हे कोणत्या नियमाखाली लावलंय?"

"खाली नाही साहेब," अण्णा म्हणाले, "हे सगळ्यांच्या खालचं आहे. बाकीचं याच्यावर उभं आहे."

साहेबांनी शेरा मारला नाही. चहा मात्र अर्धाच घेतला.

अण्णांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा खटला शिशाचा. तोपर्यंत आमच्याकडची सोल्डर वायर म्हणजे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं. हे प्रमाण कुणी समिती बसवून ठरवलेलं नाही. नेमक्या याच प्रमाणात ही जोडी १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते, मध्ये लगदा होत नाही. अण्णा याला 'बिनविरोध निवड' म्हणत. मग युरोपने ठरवलं की १ जुलै २००६पासून बाजारात येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मालात शिसं नको. कचऱ्यात गेलेल्या बोर्डांमधून ते मातीत आणि पाण्यात उतरतं, म्हणून. हेतू चांगलाच होता. पण शिसं गेलं आणि त्याच्या जागी कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असं मिश्रण आलं. ते २१७ अंशांना कुठे वितळायला लागतं. ब्रुसेल्समध्ये सह्या झाल्या आणि भोसरीतल्या पॉटचा काटा चौतीस अंश वर सरकला. कायद्याने माणसं हललेली आपण पाहतो. धातूचा वितळणबिंदू हलवणारा कायदा अण्णांनी पहिल्यांदाच पाहिला आणि दोन दिवस ते भारावून गेले होते.

मालक भारावले नव्हते. चांदीचा भाव बघून त्यांनी एक पळवाट शोधून आणली. "अण्णा, मर्यादा शून्य पूर्णांक एक टक्का ना? मग आपला बोर्ड बसतो त्या अख्ख्या टीव्हीच्या वजनावर धरा. टीव्हीच्या मानाने शिसं कितीसं भरतं?"

अण्णांनी खाकी पुस्तक न उघडताच अपील फेटाळलं. "टक्का टीव्हीवर नाही धरायचा साहेब, त्या त्या पदार्थावर धरायचा. हा एवढासा जॉइंट, त्याच्यावर. किलोत एक ग्रॅम." आणि मालकांनी तोंड उघडायच्या आत पुढचा दाखला आला. २००१ साली हॉलंडने सोनीच्या प्लेस्टेशनचे तेरा लाख खोके अडवून ठेवले होते आणि कारण काय, तर केबलमध्ये कॅडमियम. "केबलमध्ये साहेब! आणि ती सोनी होती. आपण कोण?" पुढे आपल्याकडेही १ मे २०१२ला ई-कचऱ्याचे नियम लागू झाले आणि दोन वर्षांच्या मुदतीने शिशाची तीच मर्यादा आली, तेव्हा अण्णा शेडभर "मी म्हणत नव्हतो?" असा चेहरा घेऊन फिरत होते.

मग शेडमध्ये सोवळं सुरू झालं. याला दुसरा शब्द नाही. जर्मनीच्या मालाची टेबलं हिरव्या पट्टीच्या आत, रेल्वेच्या कामाची जुनी शिशाची टेबलं लाल पट्टीच्या आत. हिरव्याचं आयर्न वेगळं, स्पंज वेगळा, चिमटा वेगळा, कचऱ्याचा डबासुद्धा वेगळा. लाल टेबलावरचा स्पंज चुकून हिरव्यात आला तर अण्णा तो चिमट्यात धरून मेलेल्या पालीसारखा बाहेर नेत. एक मुलगी लालवरून हिरव्यावर बदलीला आली तेव्हा अण्णांनी तिचे हात धुवून घेतले, कोट बदलायला लावला आणि रजिस्टरमध्ये सही घेतली. ती म्हणाली, "माझ्या सासरी एवढं बघितलं न्हवतं."

खरी अडचण निघाली ती मावशींची. मावशी सोल्डरिंगमध्ये सगळ्यांत जुन्या. त्यांचा जॉइंट म्हणजे आरसा. चकाकला तर पास, नाही चकाकला तर ड्राय, ही परीक्षा त्यांनी अण्णांकडूनच घेतली होती आणि नव्या मुलींना शिकवलीही होती. नव्या मिश्रणाचा जॉइंट मुळातच खरखरीत, मळकट दिसतो. मावशींनी पहिल्या दिवशी स्वतःचाच सगळा माल स्वतः रिजेक्ट केला.

"ह्याला जीव न्हाई अण्णा."

"मावशी, हा असाच असतो. तपासणीच्या नियमावलीत आता हा चालतो म्हणून लिहिलंय."

"लिवणाऱ्यानं हातात धरलाय का?"

यावर हायकोर्टाकडे उत्तर नव्हतं. कारण अण्णांच्याही डोळ्याला तो जॉइंट पटत नव्हता. पुस्तक आणि डोळा यांच्यात त्यांनी पहिल्यांदाच तारीख मागून घेतली. मावशी चमक यावी म्हणून आयर्न जास्त वेळ टेकवत राहिल्या. मग बोर्डावरच्या तांब्याच्या चकत्या उचलल्या जायला लागल्या आणि आयर्नची बिटं भराभर झिजू लागली. कथील जास्त असलं की ते बिटावरचा लोखंडाचा थर खातं. स्टोअरवाला बिटं मोजून देई आणि अण्णा ती मोजून परत घेत. शेवटी मावशींना वाकवलं ते भिंगाने. चमक सोडा, कड बघा, असं त्यांना सांगितलं. सोल्डर तांब्यावर पसरत पसरत पातळ होऊन संपलं असेल तर जॉइंट धरला, गोळा होऊन बसलं असेल तर नाही. मावशींनी भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग आधी तसं सांगायचं. चकाकी कशाला शिकीवली?"

अण्णांचा या कायद्यावर राग नव्हता, पण एक ठपका त्यांनी नेहमी ठेवला. शिसं काढलं की कथिलाला केस फुटतात. खरोखरच फुटतात. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक धातूचे तंतू आपोआप वाढतात आणि शेजारच्या पायाला जाऊन टेकतात. थोडंसं शिसं मिसळलं की ते आटोक्यात राहतात, हे बेल लॅबवाल्यांना १९५०च्या दशकातच ठाऊक झालं होतं. मे १९९८मध्ये गॅलेक्सी-४ नावाचा उपग्रह मुका झाला आणि अमेरिकेतले बहुतेक पेजर एका फटक्यात बंद पडले. त्याचा दोष अशाच तंतूंवर गेला. म्हणून विमानं, उपग्रह, लष्कर यांच्यासाठी शिशाला सूट आहे. "बघ," अण्णा मला म्हणत, "कायदा करणाऱ्यांनी विमानात बसायचं ठरवलं तिथे फिजिक्सला विचारलं." हे वाक्य ते फक्त जेवणाच्या सुट्टीत बोलत. ड्युटीवर असताना कायद्यावर टीका त्यांनी कधी केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांची जागा ठरलेली. बेसिनपाशी. बायकांना भीती धुराची. तोंडाला पदर लावून सोल्डरिंग करायच्या आणि सुट्टी झाली की त्याच बोटांनी भेळ कालवायच्या. अण्णांचं म्हणणं नेमकं उलटं होतं आणि बरोबर होतं. शिसं उकळायला सतराशे अंशांच्या वर तापमान लागतं. साडेतीनशेच्या आयर्नवर ते हवेत कशाला उडेल? धूर येतो तो फ्लक्समधल्या राळेचा. तोही साधा नाही, दमा लावतो, पण त्यात शिसं नाही. शिसं बोटांवर असतं आणि भेळेबरोबर पोटात जातं. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवायलाच हव्यात अशा रोगांची यादी होती. तिच्यातली पहिली नोंद शिशाच्या विषबाधेची. "पहिली नोंद!" अण्णा नळापाशी ओरडत, जणू त्या नोंदीचा मान राखायचा म्हणून तरी साबण लावा.

त्यांचा आणि श्रद्धेचा एकच सामना झाला, खंडेनवमीला. आदल्या वर्षी कुणीतरी सोल्डरिंग स्टेशनची पूजा करताना हळदीची चिमूट उघड्या बोर्डांच्या ट्रेवर सांडली होती आणि नारळ रीफ्लो ओव्हनच्या पायाशी फोडला होता. पाणी उडून किती बोर्डांवर गेलं ते हिशेबात आलं नाही. माल गेला तेव्हा ठीक होता, पावसाळ्यात परत आला. नारळाच्या पाण्यात क्षार असतात. दमट हवेत दोन वाटांच्या मध्ये क्षाराचा ओला थर आणि त्यावर व्होल्टेज, एवढं जमलं की एका वाटेवरचा धातू झाडाच्या फांदीसारखा वाढत दुसरीला जाऊन मिळतो. अण्णांनी पूजा बंद केली नाही. ते तसे धार्मिक होते. त्यांनी पूजेची नियमावली काढली. कुंकू आयर्नच्या मुठीला, बिटाला नाही. फुलं मशीनच्या झाकणावर, झाकण मिटल्यानंतर. हळद ओल्या बोटाने, उडती नाही. उदबत्ती पॅकिंग विभागात. नारळ गेटबाहेर, वॉचमनच्या उपस्थितीत. खाली सही, शिक्का आणि 'हुकमावरून'. भटजींनी ती नियमावली वाचली, घडी घालून पंचांगात ठेवली आणि विचारलं, "मंत्र म्हणताना काही अंतर?" अण्णांनी गंभीरपणे सांगितलं, "शिंक येत असेल तरच."

रिस्ट बँडच्या बाबतीत त्यांचं कुणाशी जमलं नाही. पुण्याची फेब्रुवारी-मार्चची हवा कोरडी, त्यात नायलॉनच्या साड्या. अंगावर हजार-दोन हजार व्होल्ट साठले तरी माणसाला पत्ता लागत नाही. तीन हजारांच्या आसपास कुठे चुणूक लागते आणि चिप तर शंभरातसुद्धा जाते. त्यामुळे मोठ्या गिऱ्हाईकांनाही दारात टेस्टरवर उभं केलं जाई. एका पाहुण्यांनी विचारलं, "बँडमधून मलाच शॉक बसला तर?" अण्णांचे डोळे लकाकले. बँडमध्ये एक मेगओहमचा रोधक असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी भागाकार करा, पाव मिलीअँपिअरसुद्धा होत नाही. "ओहमसाहेबांनी तुमचा विमा आधीच उतरवलाय," असं म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या मनगटावर बँड आवळला, जरा घट्टच.

ही सगळी लहान कोर्टं. खरी लढत मालकांशी, महिनाअखेरीला. शनिवारी संध्याकाळी कंटेनर लागलेला आणि माल अर्धा. मालक ओव्हनपाशी येऊन म्हणाले, "पट्ट्याचा वेग दुप्पट करा. टेम्परेचर वाढवा, म्हणजे सारखंच झालं."

"नाही बसत साहेब कायद्यात."

"कोणत्या?"

"फूरियेच्या. उष्णता आत जायला वेळ घेते. बाहेरून कितीही पेटवलं तरी ती तिच्या चालीने जाणार."

मालक क्षणभर विचारात पडले. आठ-दहा खात्यांचे साहेब त्यांच्या ओळखीचे होते. हे नाव नवीन होतं. "हा फूरिये कुठल्या डिपार्टमेंटला? भोसरीच्या का मुंबईच्या?" आणि मग आवाज खाली आणून, "त्याला सोमवारी भेटून घेऊ. आज माल काढा."

माल निघाला. वेग वाढला, तापमान वाढलं, आणि ओव्हनच्या पलीकडच्या तोंडातून बोर्ड बाहेर आले ते बघण्यासारखे होते. तांदळाच्या कणीएवढे रोधक एका पायावर ताठ उभे! एका टोकाची सोल्डर पेस्ट आधी वितळली की तिचा पृष्ठताण सगळा रोधक आपल्याकडे ओढतो, दुसरं टोक सुटतं आणि तो उभा राहतो. शंभर शंभर रोधक, ओळीने. मालक म्हणाले, "हे उभे का राहिलेत?"

अण्णा काहीच बोलले नाहीत. मावशी भिंगातून न पाहताच म्हणाल्या, "हायकोर्ट समोर हाय न्हवं."

त्या रात्री सगळी शेड थांबली, रिवर्कला. ओव्हरटाइम दुप्पट दराने, कलम एकोणसाठ. हे कलम मालकांना अण्णांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, तोंडी सांगितलं नाही. निकाल लेखी असावा म्हणून.

सरकारी कायद्यातलं एकच अण्णांना कधी पचलं नाही. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की पूर्वी तो कारखाना धरत. महाराष्ट्राने ती संख्या वीस केली. तेव्हापासून मालकांना माणसं मोजायची गोडी लागली. "ठेकेदाराच्या मुली धरायच्या का हो?" धरायच्या. "शिकाऊ पोरगा?" मालक दर पगाराला विचारत. एकोणीस कामगारांच्या जागेला कायदा दिसत नाही आणि विसावी बाई आत आली की भिंतीतून कलमं उगवतात, हे अण्णांच्या मते शास्त्रालाच धरून नव्हतं. "एकट्या माणसालाही शॉक बसतोच ना?" ते मला विचारत. मी मान हलवी. मग ते स्वतःच म्हणत, "पण मग हद्द कुठेतरी पाहिजेच." आणि फिजिक्सचं पुस्तक उघडून, पाणी नव्याण्णव अंशांना का उकळत नाही ते वाचत बसत.

मध्यंतरी एका रविवारी मी चिंचवडला त्यांच्या घरी गेलो तर हायकोर्ट फाटकाबाहेर उकिडवं बसलेलं. समोर कल्हईवाला. जमिनीत लहानसा खड्डा, कोळसे, भाता. काकूंनी माळ्यावरची पितळी पातेली काढली होती. कल्हईवाल्याने तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, कथिलाची कांडी फिरली आणि फडक्याच्या एका हाताने आतला सगळा घेर रुपेरी झाला. अण्णा भिंग लावून वाकले होते.

"फ्लक्स," ते मला म्हणाले. "ऑक्साइड उडवलं बघ त्या नवसागराने. मगच कथील पसरलं." मग कल्हईवाल्याकडे वळून, "धूर ओढायला काय आहे?"

"वारा हाय की." तो वाऱ्याकडे पाठ करून बसला होता. अण्णांना आक्षेप घेता आला नाही.

"टेम्परेचर कशावर बघता?"

"भांड्यावर."

"कथिलात शिसं नाही ना?"

कल्हईवाल्याने भाता थांबवला. "जेवायचं भांडं हाय, साहेब." असं काही तो बोलला की अण्णा तीन बोटं मागे सरकले. थोडं थांबून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, "आणि मग इन्स्पेक्शन कोण करतं?"

कल्हईवाल्याने चिमट्याने दाराकडे दाखवलं. काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या आणि झालेलं पातेलं उन्हाकडे तिरपं धरून बघत होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं, दुसरं उचललं, आत बोट फिरवलं आणि परत दिलं. कडेला दोन बोटं जागा सुटली होती. अण्णांनी ते भिंगातून पास केलं होतं.